अकरा उत्तरं

प्रिय टाचणी,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं. कागद चांगला आहे, खाडाखोडीत वाया घालवायचा नाही, म्हणून ठेवते तसंच.

‘घडी’चा सहावा अंक पोचला. पाकिटावर माझं नाव तू त्याच तिरप्या, ऐटबाज अक्षरात काढलंस, जसं काही मधे घडलंच नाही. तीन दिवस पाकीट चपलांच्या कपाटावर पडून होतं. चौथ्या दिवशी फोडलं आणि अंक मागून उघडला, कारण तुझी खोड मला माहीत आहे. जे सांगायला जड जातं ते तू शेवटच्या पानावर ढकलतेस. तिथं कागदाची जात आहे, दोन्ही शाईंची नावं आहेत, छपाईयंत्र दुरुस्त करणाऱ्याचे आभार आहेत, आणि सगळ्यांत खाली, मुंगीएवढ्या टायपात, ‘पाचव्या अंकातील साचेकार हे पात्र काल्पनिक होते. वाचकांच्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ गैरसोय. लिफ्ट बंद पडते तिला गैरसोय म्हणतात. नळाला दोन तास पाणी नसतं तिला म्हणतात. तू जे केलंस त्याला मराठीत दुसरे शब्द आहेत आणि ते तुला येतात. दोन दोन भाषा शिकलीस, आणि वेळ आली तेव्हा सरकारी पाटीवरचा शब्द उचललास.

त्या दिवशी तुझ्या घरी तू मला सगळी हकिकत सांगितलीस, पण ती इतकी गुळगुळीत होती की हाताला कुठं लागलीच नाही. आता माझ्याकडून ऐक. तुला ठाऊक असलेलंही पुन्हा ऐक.

कलाशाळेच्या शेवटच्या वर्षी आपण ‘घडी’चा पहिला अंक काढला. सोळा पानं, मधे दोन टाचण्या, आणि टाचण्या मारताना तीनदा बोट फोडून घेणारी तू, म्हणून तुझं हे नाव. मी काढलेलं निम्मं पुसायचे म्हणून मी खोडरबर. तू आठ महिने जपानला भाषा शिकून आली होतीस आणि तिथलं जे जे दिसेल त्यानं वेडी झाली होतीस. काडेपेटीवरची चित्रं, रेल्वे स्टेशनांवरचे रबरी शिक्के, दुकानात पुडकं बांधायच्या तऱ्हा, हातानं रंगवलेल्या पाट्या. तू लिहायचीस, मी काढायचे. दोनशे प्रती, दोनशे वेडे वाचक. आपल्याला त्याहून जास्त काही नको होतं, निदान मला तरी.

आणि प्रत्येक अंकाच्या कडा बाबांनी कापल्या. गोदामांच्या मागच्या गल्लीतली ती त्यांची खोली, एक उंच टेबल, एक स्टूल, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले साचे. खोक्यांवर आणि पोत्यांवर नावं छापायला तेलपाणी दिलेल्या जाड पुठ्ठ्यातून, कधी पत्र्यातून, अक्षरं कापायची, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. ‘ही बाजू वर’, ‘नाजूक माल’, वजनाचे आकडे, व्यापाऱ्यांची नावं. आपल्या अंकांपर्यंत त्या धंद्यात काही उरलं नव्हतं. छापील स्टिकर आले, साचे गेले. तरी ते नऊच्या ठोक्याला खोली उघडायचे आणि आपला गठ्ठा आला की खूश व्हायचे, कारण दिवसभर हातात सुरी राहायची. मी गठ्ठा टेबलावर टाकून ऑफिसला पळायचे. तू स्टुलावर बसायचीस. तास तास बसायचीस. मला वाटायचं, काय ही पोरगी, माझ्या बापाला सोबत करते. आई गेल्यापासून त्यांच्याशी इतकं कुणी बोललं नव्हतं. तुझे उपकार मानायचे मी मनातल्या मनात. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. ज्याचा कापला जातोय तो मान डोलावतोय.

मग पाचवा अंक. तू वही घेऊन आलीस आणि म्हणालीस की तिथं असताना समुद्राकाठच्या एका गावात तुला एक म्हातारा भेटला होता, चौऱ्याऐंशी वर्षांचा, कापडावर नक्षी छापायचे कागदी साचे कापणारा. फोटो काढू देत नाही, म्हणून तर चित्रं हवीत. मी चौदा चित्रं काढली. तू सांगत गेलीस आणि मी काढत गेले, कसा बसतो, खिडकी कुठं आहे, पातं कागदाला लावण्याआधी अंगठ्याच्या नखावर कसं टेकवून बघतो. हात जमेनात, तेव्हा मी बाबांना जाऊन म्हटलं, जरा अशी सुरी धरा ना. ते म्हणाले, ‘पन्नास वर्षं अशीच धरतोय.’ मी ते हात काढले, वर जपानी बाह्या चढवल्या आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. त्याबद्दल मी स्वतःला काय काय बोलले आहे ते तुला सांगत नाही. तो हिशेब माझा.

अंक तीनदा छापावा लागला. आपला अंक, तीनदा. कापडाचे नमुने करणारी कोण एक बाई, तिनं त्या म्हाताऱ्याचं वाक्य भिंतीवर रंगवून घेतलं, ‘सुरी कुठे थांबवायची हे ज्याला कळतं, त्याचाच साचा टिकतो.’ लोक तुला बोलवायला लागले. सगळ्यांना आवडली ती गोष्ट म्हणजे त्याच्या गुरूनं त्याला वर्षभर फक्त गोल कापायला लावले. रोज गोल. तू त्यावर दोन पानं लिहिलीस, रिकामेपण, पूर्णचंद्र, आणि मी मधे मोठा पांढरा गोल सोडला. टाचणी, बाबांच्या मालकानं त्यांना वर्षभर शून्यं कापायला लावली होती. का, तर वजनाच्या आकड्यांत शून्यंच जास्त लागतात. पन्नास किलो, शंभर किलो, पाचशे. त्यात चंद्र नव्हता. चौदा वर्षांचा पोर होता, दुखणारं मनगट होतं आणि अंगठ्यावर घट्टा होता, जो अजून आहे. ते वाक्यही त्यांचंच. ‘ठ’ पूर्ण गोल कापला तर पोट निखळून पडतं, दोन ठिकाणी सुरी थांबवून पुठ्ठ्याचा जोड ठेवावा लागतो, हे ते तुला शिकवत होते. साधं कामाचं बोलणं. तू ते उचललंस, समुद्रापार नेऊन धुतलंस, इस्त्री केलंस आणि लोकांसमोर ठेवलंस, तेव्हा कुठं ते भिंतीवर रंगवण्याच्या लायकीचं झालं.

तू मला विचारलंस की त्यांना स्वतःला तरी ओळख कशी पटली नाही. कशी पटेल? त्यांच्याबद्दल आजवर कुणी एक ओळ छापलेली नव्हती. ते भिंग घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, अंक दोनदा वाचला, आणि म्हणाले, ‘हा माणूसही शून्यापासून शिकला.’ मी म्हटलं, शून्य नाही हो बाबा, गोल. ते म्हणाले, ‘तेच ते.’ मला ती शून्याची गोष्ट माहीतच नव्हती. तुला होती.

इथवर मी माफ केलं असतं. खरंच. चिडले असते, महिनाभर बोलले नसते, मग तूच काहीतरी खायला घेऊन आली असतीस आणि मिटलं असतं. पण त्यानंतर बाबांनी तुला विचारलं की त्या जपानी म्हाताऱ्याला पत्र लिहिता येईल का. ज्या माणसानं जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, दुकानात सुट्टे कमी दिले तरी जो मुकाट निघून येतो, त्या माणसानं मान खाली घालून तुला विचारलं. तुझ्यासमोर रस्ता मोकळा होता. एका वाक्यात त्या म्हाताऱ्याला मारून टाकता आलं असतं. ‘काका, ते गेले हो मागच्या महिन्यात.’ बाबा दोन दिवस हळहळले असते, बस्स. तूच जन्माला घातलेला माणूस, तुला मारायला जड का झाला? तू म्हणालीस, ‘लिहा ना काका, मी भाषांतर करून पाठवते.’ मी तिथंच उभी होते. मला तू त्या क्षणी जगातली सगळ्यांत चांगली मुलगी वाटलीस.

दोन वर्षं. अकरा पत्रं, अकरा उत्तरं. रविवारी दुपारी ते टेबलाशी बसायचे, मी मागून गेले की कोपरानं कागद झाकायचे, शाळकरी पोरासारखे. मी हसायचे. पाकीट बंद करून ते तुझ्याच हातात द्यायचे, माझ्याकडे कधीच नाही. दीड-दोन महिन्यांनी उत्तर यायचं, वर कुंचल्याच्या पेनानं जपानी, खाली टाइप केलेलं तुझं मराठी. पात्यांच्या पत्र्याच्या डब्यातून बाबांनी पाती काढली आणि उत्तरं ठेवली. ते बदलले. तू पाहिलंसच ते. नवा कागद आणून पक्षी कापायला लागले, ज्यांनी आयुष्यात ‘ही बाजू वर’च्या बाणापलीकडे चित्र कापलं नव्हतं. एक बगळा त्या म्हाताऱ्याला भेट म्हणून पाठवला. तो बगळा कुठं आहे, टाचणी? तुझ्या भिंतीवर तर नाही ना लावलास?

ते उत्तीर्ण झालेल्या मुलासारखे चालायचे त्या दिवसांत. म्हणून मला वाटलं, सत्तरीला त्यांना काहीतरी मोठं द्यावं. दोघांच्या साच्यांचं एक छोटं प्रदर्शन, नाहीतर निदान फोनवर तोंडओळख. तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून तुला विचारलं नाही. आपल्यासारखे घरगुती अंक, झीन, विकणाऱ्यांच्या त्या मेळ्यात आपल्या शेजारच्या टेबलावर एक जपानी बाई होती, आठवते? फक्त जिन्यांच्या कठड्यांवर अंक काढणारी. तू चहा आणायला गेलीस तेव्हा मी बाबांच्या डब्यातून आणलेली दोन उत्तरं आणि त्यांवरचा पत्ता तिच्यापुढं ठेवला. तिनं वाचलं, सावकाश, मग पुन्हा वाचलं. आमच्या दोघींच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती फार जपून म्हणाली, हे कुणी लिहिलंय, शिकणाऱ्या मुलीनं का? चौऱ्याऐंशीचा माणूस असं लिहीत नाही, हे धड्यातलं आहे. मग तिनं फोनवर पत्ता शोधला. परदेशी विद्यार्थ्यांचं वसतिगृह. तू परत आलीस, तीन कप घेऊन, तिसरा तिच्यासाठी. मी तो चहा प्यायले. तुझ्याबरोबर आणखी चार तास अंक विकले. का, ते अजून कळत नाही. बहुधा चूक आपलीच निघावी, अशी आशा होती.

दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी आले तेव्हा तू नाही म्हणाली नाहीस, एवढं खरं. म्हणालीस, ‘मी कुणाचं वाईट केलं? काका खूश होते.’ म्हणालीस, ‘एकही पत्र फेकलेलं नाही, सगळी जपून ठेवलीत.’ त्याचंही श्रेय घेतलंस. मग मी आवाज चढवला, तेव्हा तू अगदी शांतपणे ते वाक्य बोललीस. ‘तुझ्या बाबांची मुलाखत त्यांच्या स्वतःच्या नावानं छापली असती, तर त्या दोनशेंतल्या किती जणांनी वाचली असती? तू तरी चित्रं काढली असतीस?’ मी पर्स उचलली आणि जिना उतरले. आता उत्तर देते. नसती काढली. मला माझा बाप चित्र काढण्याजोगा वाटला नव्हता, हे खरं आहे, आणि ते मला मरेपर्यंत पुरेल. पण माझी चूक ही तुझी परवानगी होत नाही. शेजाऱ्यानं दार उघडं टाकलं म्हणून घरातली वस्तू उचलणारा चोर नाही ठरत, असं कुठं असतं? आणि तू वस्तूवर थांबली नाहीस. तू माणसाच्या मनात शिरलीस. तो मन मोकळं करत होता आणि ऐकणारी तू होतीस, दुसऱ्याचं नाव लावून, दुसऱ्याचं वय लावून.

ती उत्तरं मी नंतर वाचली, सगळी. चांगली लिहिलीस, हा तुझा शाप आहे. सातव्या उत्तरात आहे, ‘मुलीविषयी तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मी खूप वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. हे मला सांगून काय उपयोग, तिला सांगा.’ आणि नवव्यात, ‘अजून सांगितलं नाहीत ना? माझा अंदाज होताच.’ काय लिहिलं होतं त्यांनी? तुला माहीत आहे. मेळ्यात माझ्या शेजारी बसून कप धरताना, माझ्या नोकरीची कुरकुर ऐकताना, तुला माहीत होतं की माझ्या बापाच्या मनात माझ्याविषयी काय आहे, आणि मला माहीत नव्हतं. खोटेपणाचं एक वेळ सोडून देईन. हे मला गिळता येत नाही.

मी बाबांना सांगितलं. तुला वाटलं असेल मी मूग गिळून बसेन. तीन आठवडे बसलेही. मग एका सकाळी खोलीवर गेले, ते बाराव्या पत्राबरोबर पाठवायला काहीतरी कापत होते, आणि मला ते बघवेना. मी सगळं सांगितलं, आडवळण न घेता. त्यांनी सुरी टेबलावर ठेवली. रागावले नाहीत, तुझ्यावरही नाही. मग एवढंच विचारलं, ‘मग माझी पत्रं कुठं आहेत?’ मी म्हटलं, तिच्याकडे. म्हणाले, ‘परत माग.’ आणि अर्धवट कापलेला कागद गुंडाळून ठेवला. त्यानंतर दोनदा विचारलं, मागितलीस का? मी म्हटलं, मागते. मागितली नाहीत. तुझ्या दारात मी पुन्हा उभी राहणार नाही असं ठरवलं होतं. ताठा. त्यांनी जन्मात मागितलेली दुसरी गोष्ट, आणि ती मी माझ्या ताठ्यासाठी अडवून ठेवली.

त्याला पाच आठवडे होत होते तेव्हा बाबा सकाळी दाढी करताना खाली बसले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणतात याचा कुठल्या बातमीशी संबंध नाही, रक्तदाब जुनाच होता. मी ऐकते आणि मान हलवते. आता ते घरी आहेत. पाय थोडा उचलतात, हात नाही. समजतं सगळं, पण बाहेर एकच शब्द येतो, ‘मग’. भूक लागली तरी मग, खिडकी लाव म्हणायचं असलं तरी मग, मी ऑफिसातून आले की मग. स्वरावरून ओळखायला शिकते आहे. स्पीच थेरपिस्ट बाई येतात, त्यांनी तक्ते आणले, आंबा, बैल, घर. बाबांनी तोंड फिरवलं. शेवटी त्या म्हणाल्या, यांनी स्वतः लिहिलेलं काही आहे का, कितीही साधं? कुणाची स्वतःची वाक्यं असली की कधी कधी त्यांच्याबरोबर जीभ वळते, करून बघू. मी सगळं घर उलटंपालटं केलं. खोलीवर जाऊन फळ्या उचलून बघितल्या. ‘नाजूक माल’ मिळालं. व्यापाऱ्यांची नावं मिळाली. पत्र्याच्या डब्यात अकरा उत्तरं मिळाली, त्यांतलं एक अक्षर त्यांचं नाही. माझ्या बापानं जन्मात जेवढी वाक्यं स्वतःच्या मनानं कागदावर उतरवली, ती सगळीच्या सगळी तुझ्या घरात आहेत.

म्हणून हे पत्र. मी मागते आहे. अकराही पत्रं पाठव, मूळ, त्यांच्या हातची, झेरॉक्स नको, आणि बगळाही. पोस्टानं पाठव, पोच घे. आत काय आहे ते फोन करून सांगू नकोस, सोबत चिठ्ठी नको, माफी तर नकोच, ती तू छापली आहेस. मी आधी एकटीनं वाचणार नाही. त्यांच्या शेजारी बसून पहिल्या पत्रापासून मोठ्यानं वाचेन, एक शब्द मी, एक ते, आणि सातवं येईल तेव्हा येईल. वाचता वाचता कधीतरी त्यांच्या तोंडून तुझं नाव निघालं आणि त्यांनी तुला बोलावलं, तर मी स्वतः फोन करीन आणि दार उघडीन. त्याआधी येऊ नकोस.

तुझी, सध्या नुसती ओळखीची,
खोडरबर